आईच्या मनाच्या गोळ्या एका डॉक्टरकडे, प्रेशरच्या दुसऱ्याकडे, आणि दोघांना एकमेकांचं काहीच माहीत नाही. आता काय करू?

डिचोलीची_लेक

नमस्कार. लांब लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

माझी आई 63 वर्षांची. तिला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी खूप वर तर कधी खूप खाली जाण्याचा आजार, आणि गेली 19 वर्षं ती त्याच्या लिथियम नावाच्या गोळीवर आहे. त्या गोळीवर ती खरंच चांगली होती, घर बघते, कुळागरातली (माडापोफळींच्या बागेतली) कामं बघते, देवळात भजनाला बसते. गावात कुणाला यातलं काही माहीत नाही, म्हणजे आम्हीच कळू दिलं नाही.

एप्रिलमध्ये तिचं प्रेशर 160 च्या वर निघालं. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी गोळी चालू केली आणि मीठ कमी करा म्हणाले. आईने लगेच मिस्कूट (कैरीचं लोणचं), सुकी मासळी, पापड सगळं बंद केलं, ती काही करायची ठरवली की पूर्णच करते. त्याच महिन्यात गुडघे दुखायला लागले म्हणून मी फार्मसीतून दुखण्याच्या गोळ्या आणून दिल्या, त्या ती रोज दोन घेत होती. मे महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न होतं, त्या उकाड्यात दिवसभर उभी, पाणी प्यायला पण वेळ नाही. आणि फॅमिली डॉक्टरांना आम्ही लिथियमचं कधीच सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत एकदा पण नाही. क्लिनिकमध्ये बाहेर अर्धा गाव बसलेला असतो, आत बोललेलं बाहेर ऐकू येतं, त्यात बहिणीचं ठरत होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तिला जुलाब झाले, मग हात थरथरायला लागले, इतके की चहाचा कप धरता येईना. चालताना दारू प्यायल्यासारखी तोल जायची. शब्द जड झाले. एक दिवस मला विचारते, माटोळी (गणपतीवर बांधतात ती फळांची) बांधायला कोण येणार, सामान आणलं का. जूनमध्ये! गणेश चवथीला अजून अडीच महिने होते.

आम्ही तिला घेऊन एका हॉस्पिटलात गेलो. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी फाइल उघडली, मानसिक आजाराचं नाव वाचलं आणि म्हणाले ही सायकिॲट्रीची केस आहे, तिकडे न्या. प्रेशर बघितलं, बाकी हात पण लावला नाही. तिकडे नेलं तर तिथल्या मॅडमनी तिला फक्त चालायला लावलं, हात पुढे धरायला सांगितले आणि दोन मिनिटांत म्हणाल्या हे मनाचं नाही, हे लिथियम चढलंय, आत्ताच्या आत्ता मेडिसिनला न्या आणि लेव्हल काढा. म्हणजे परत गाडी, परत कॅज्युअल्टी, परत केस पेपर. लिथियमची लेव्हल 2.3 आली, क्रिएटिनीन म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी 2.1, दोन्ही वाढलेली. सलायन लावून नऊ दिवस ठेवलं. देवाच्या दयेने वाचली, डायलिसिसपर्यंत गेलं नाही.

आता घरी येऊन दहा दिवस झाले. लिथियम बंद आहे. पण गेले चार दिवस ती रात्री तीनच तास झोपते आणि बोलायला लागली की थांबत नाही. मला जुने दिवस आठवतात आणि पोटात गोळा येतो.

माझा प्रश्न असा की माझ्या आईचं सगळं शरीर एकत्र बघणारा डॉक्टर नेमका कोण? सायकिॲट्रिस्ट म्हणतात प्रेशरचं तिकडे विचारा, मेडिसिनवाले म्हणतात मनाच्या गोळीचं तिकडे विचारा. या दोघांना एकमेकांशी बोलायला कसं लावायचं? आणि आता फॅमिली डॉक्टरांना खरं सांगायचं का, की दुसरा डॉक्टर धरायचा? गुडघ्याच्या गोळ्या मीच आणून दिल्या होत्या, ते डोक्यातून जात नाही.

---

फोंड्याची_सिस्टर

बाय, पहिली गोष्ट म्हणजे तीन तास झोप आणि न थांबता बोलणं, यावर इथे उत्तराची वाट बघत बसू नको. उद्या सकाळी सायकिॲट्रिस्टकडे ने. अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्याची असली तरी जाऊन बस, लिथियम बंद केलंय आणि झोप उडालीय एवढं सांग, तेवढ्याने त्यांना कळेल. रात्रीबेरात्री काही वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, 24 तास चालतो, मराठीत बोलता येतं.

दुसरं, गुडघ्याच्या गोळ्यांचं मनाला लावून घेऊ नको. आमच्याकडे त्या गोळ्या घराघरात असतात, शेजारीण शेजारणीला देते. तुला कुणी सांगितलंच नाही तर तुला कळणार कुठून.

मी 30 वर्षांच्या वर वॉर्डात काढली, आता रिटायर आहे. मेडिसिनच्या वॉर्डात आणि सायकिॲट्रीच्या वॉर्डात, दोन्हीकडे ड्युटी केली, म्हणून सांगते की मन आणि शरीर अशी भिंत फक्त बोर्डावर असते. एक म्हातारे आजोबा आमच्याकडे होते, न्यूमोनियाचे. तिसऱ्या रात्री ओरडायला लागले, सलायन उपटलं, भिंतीवर माणसं दिसतात म्हणाले. घरचे म्हणाले वेड लागलं, मुलगा देवळात गाऱ्हाणं घालायला गेला, एकजण झोपेचं इंजेक्शन द्या म्हणून मागे लागला. रक्त तपासलं तर सोडियम 114. ते हळूहळू वर आणलं, पाचव्या दिवशी आजोबा मला विचारतात सिस्टर तुमचं माहेर कुठलं. म्हाताऱ्या माणसाचं डोकं एका दिवसात फिरलं तर आधी लघवी, सोडियम, साखर, ऑक्सिजन, नव्या गोळ्या हे बघायचं. हे मी प्रत्येक नव्या मुलीला शिकवायची.

आता तुझ्यासाठी काम सांगते. एक साधी शंभर पानी वही घे. पहिल्या पानावर आईचे आजार, सगळे, बायपोलर पण, लपवून नाही. दुसऱ्या पानावर आज चालू असलेली प्रत्येक गोळी, नाव, किती मिलिग्रॅम, कधी, कुणी दिली. बंद केलेल्या गोळ्या वेगळ्या, आणि कधी बंद केली ती तारीख. आयुर्वेदिक काढा असेल तर तो पण. मग कुठल्याही डॉक्टरच्या टेबलावर बसल्या बसल्या ती वही उघडून समोर ठेवायची, तोंडाने सांगायची वेळ येऊ द्यायची नाही. फार्मसीवाल्याला पण दाखवायची. तोंडाने सांगताना आपण घाबरतो आणि नेमकी तीच गोळी राहते.

आमच्या लहानपणी कुणावर रागावले की "आल्तिनोला पाठवायला पाहिजे" म्हणायचे, पणजीतल्या आल्तिनोला तेव्हा आबे फारियांच्या नावाचं मेंटल हॉस्पिटल होतं. आता ते बांबोळीला आयपीएचबी या नावाचं सरकारी मनोरुग्णालय झालंय, जीएमसीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला, लागूनच. हॉस्पिटल मोठ्या दवाखान्याच्या शेजारी गेलं पण आपल्या मनातलं अंतर तेवढंच राहिलंय, म्हणून तू लपवलंस हे मला कळतं.

---

साखळीचा_जीपी

मी जनरल प्रॅक्टिस करतो, तुमच्याच बाजूला. तुमच्या आईंना बघितलेलं नाही त्यामुळे त्यांची औषधं इथे ठरवणार नाही, पण झालं काय ते समजावून सांगतो, कारण ते तुम्हाला कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही.

लिथियम हे एक क्षार आहे आणि मूत्रपिंड त्याला जवळजवळ सोडियमसारखंच वागवतं. शरीरात मीठ-पाणी कमी पडलं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवायला लागतं आणि त्याच्याबरोबर लिथियम पण धरून ठेवतं. आता तुमची गोष्ट परत वाचा. मीठ एकदम बंद झालं. मेमध्ये घाम गेला, पाणी कमी. प्रेशरच्या गोळीत बहुतेक टेल्मिसार्टनसारखं औषध असेल, कदाचित सोबत हायड्रोक्लोरोथायझाइड, दोन्हीही लिथियम वाढवतात. दुखण्याची गोळी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफेनॅक यातली कुठलीही असली तर ती पण वाढवते. वरून जुलाब. एका वेळी पाच गोष्टी एकाच दिशेने ओढत होत्या. लेव्हल साधारण 0.6 ते 1.0 मध्ये असावी लागते, वय झालेल्यांची त्यातल्या खालच्या बाजूला, आणि 1.5 च्या वर गेली की विषबाधेची भीती असते. आईंची गोळी एक मिलिग्रॅमने पण वाढलेली नव्हती आणि तरी 2.3 झाली.

प्रेशरला लिथियमबरोबर चालणारं दुसरं औषध देता आलं असतं, गुडघ्याला पॅरासिटामॉल चाललं असतं. तुमच्या डॉक्टरांना लिथियम माहीत असतं तर त्यांनी हे नक्की केलं असतं. मी त्यांची बाजू घेतोय असं वाटेल, थोडी घेतोय पण. सकाळच्या ओपीडीत 60-70 माणसं असतात आणि लोक हार्टची गोळी सांगतात, साखरेची सांगतात, मनाची सांगत नाहीत. माझ्याकडे एक पेशंट सहा वर्षं येत होता, क्लोझापिन हे मनाच्या गंभीर आजाराचं औषध चालू आहे हे मला त्याला भयंकर बद्धकोष्ठ होऊन पोट फुगल्यावर कळलं. क्लोझापिनने आतडी मंद होतात आणि ते जिवावर बेततं. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला दार बंद करून विचारतो, झोपेची, डोक्याची, मनाची कुठली गोळी आहे का, कुठल्याही डॉक्टरकडची. आधी विचारत नव्हतो ही माझी चूक होती.

पण ज्याने फाइल बघून हात न लावता पाठवलं, त्याची बाजू मी घेणार नाही. फाइलवर मानसिक आजाराचं नाव दिसलं की समोरचं सगळं त्याच नावात बसवायचं, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड आहे. थरथर, तोल जाणं, जड जीभ आणि लिथियमवरचा पेशंट, हे एकत्र दिसलं की लेव्हल पाठवायची, हे एमबीबीएसला शिकवतात. डब्ल्यूएचओचंच म्हणणं आहे की गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षं आधी जातात, आणि त्यातली बरीचशी हृदय, साखर, फुप्फुसं अशा शरीराच्या आजारांनी, जे टाळता येण्यासारखे असतात. मला हे वाक्य विसरता येत नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. सगळं एकत्र बघणारा माणूस फॅमिली डॉक्टरच व्हायला पाहिजे, कारण आई त्यांच्याकडे दर महिन्याला जाते. पण सायकिॲट्रिस्ट बहुतेक आपणहून त्यांना फोन करणार नाहीत, 2017 च्या मेंटल हेल्थकेअर कायद्याने पेशंटची माहिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे; उपचार करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांना सांगायला कायद्यात मुभा आहे, तरी ते जपूनच वागतात. म्हणून आईंनी स्वतः लेखी संमती द्यायची की माझ्या फॅमिली डॉक्टरांना माझ्या आजाराचं आणि औषधांचं पत्र द्या. एक पानाचं पत्र, कुठलं औषध, कुठली तपासणी किती महिन्यांनी, कुठली औषधं टाळायची. असं पत्र माझ्या हातात आलं की माझं निम्मं काम होतं.

आणि विचारा की टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, कधी केलं होतं. लिथियमने थायरॉइड मंद होतो, आणि थायरॉइड मंद झाला की माणूस उदास, सुस्त, जाड होतो आणि सगळे म्हणतात डिप्रेशन परत आलं. लिथियमवरच्या माणसाचं टीएसएच, क्रिएटिनीन, कॅल्शियम निदान वर्षातून एकदा, शक्यतो सहा महिन्यांनी व्हायला हवं. आता दुसरं औषध चालू करतील, त्यातलं ओलान्झापिनसारखं काही असेल तर वजन आणि साखर वाढते, म्हणून सुरुवातीलाच वजन, कमरेचं माप, साखर, कोलेस्टेरॉल लिहून ठेवा. लिथियम मात्र घरात उरलेलं आहे म्हणून स्वतःहून परत चालू करू नका.

---

म्हापशाचा_नाना

आमच्याकडे उलटं झालं होतं. वडिलांना अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, रिपोर्ट सगळे छान. पण पुढचे सात महिने रात्री छातीत धडधड, आत्ता जातो की मग जातो, चार वेळा ईसीजी काढला, चारही नॉर्मल. बाजारात जायचे बंद झाले, जेवण कमी, औषध घ्यायला कंटाळा. आम्ही पण वैतागलो होतो, रिपोर्ट नॉर्मल आहे ना मग काय झालंय तुम्हाला असं मी एकदा ओरडलो, ते अजून लागतं मला.

मग एका फिजिशियननी दोनच गोष्टी विचारल्या. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही असं झालं का, मन खाली खाली वाटतं का. बाबा रडायलाच लागले. 70 वर्षांचा माणूस. डॉक्टरांनी कार्डिऑलॉजिस्टला फोन लावला आमच्यासमोर, विचारून सर्ट्रालिन ही डिप्रेशनची गोळी चालू केली, हार्टवाल्यांना ती त्यातल्या त्यात सुरक्षित मानतात म्हणाले, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे म्हणून कुठे रक्त येतंय का लक्ष ठेवा असं सांगितलं. तीन महिन्यांत बाबा परत सकाळी बाजारात. म्हणजे दोन डॉक्टरांनी बोलायला पाच मिनिटं लागली फक्त.

आणि हे सगळं आपल्या गोव्यातच करून बघितलंय हे लोकांना माहीत नाही. संगात संस्थेने मानस नावाचा अभ्यास केला होता, 2010 साली लॅन्सेटमध्ये आला. 24 ठिकाणी, 12 सरकारी आरोग्य केंद्रं आणि 12 खासगी दवाखाने. साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून कौन्सेलर म्हणून बसवलं, डोकेदुखी, अशक्तपणा, झोप नाही म्हणून येणाऱ्या माणसांत डिप्रेशन आहे का बघायचं आणि तिथेच बोलून मदत करायची, लागलं तर गोळी, गरज पडली तर सायकिॲट्रिस्ट. सरकारी केंद्रात लोक जास्त बरे झाले, खासगीत तेवढा फरक दिसला नाही. आमच्या आयाबाया अंग मोडून येतं, जीव नको झालाय, टेन्शन आलंय असंच म्हणतात, डिप्रेशन शब्द कोण वापरतं. म्हणून ते आरोग्य केंद्रातच पकडायला पाहिजे.

---

अनामिक_काणकोण

मला वेगळं सांगायचंय, कारण सगळे सांगा सांगा म्हणताहेत.

मी सांगितलं. मला आठ वर्षांपासून डिप्रेशन आणि पॅनिक आहे, गोळी चालू आहे, प्रत्येक डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगायचे. त्यानंतर वर्षभर माझं पोट दुखत होतं, जेवल्यावर उजव्या बाजूला, पाठीपर्यंत. तीन डॉक्टरांनी टेन्शन घेऊ नका, ॲसिडिटी आहे, योगा करा असं सांगितलं. एकाने तर माझ्याशी न बोलता माझ्या नवऱ्याला सांगितलं की जरा समजून घ्या त्यांना. शेवटी एका रात्री ताप आणि उलट्या होऊन ॲडमिट झाले, सोनोग्राफी केली, पित्ताशयात खडे, सुजलेलं. ऑपरेशन झालं. वर्षभर मी स्वतःलाच समजावत होते की हे माझ्या मनातच आहे. म्हणून ताई, सांगा, लिथियमचं सांगावंच लागेल, पण सांगितल्यावर काय होतं ते पण माहीत असू दे.

---

साखळीचा_जीपी

काणकोणच्या ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं, आणि तुम्ही म्हणता ते अगदी होतं. मी माझ्या पेशंटना सांगतो की आधी तक्रार पूर्ण सांगा, कुठे दुखतं, कधी, खाल्ल्यावर की उपाशी, आणि मग औषधांची यादी द्या. आणि टेन्शन म्हणाले तर शांतपणे एक प्रश्न विचारा, "डॉक्टर, मला हा मानसिक आजार नसता तर या दुखण्यासाठी तुम्ही कुठली तपासणी केली असती?" याचं उत्तर देताना चांगला डॉक्टर थांबतो. मी स्वतः थांबलोय. त्याच 2017 च्या कायद्याच्या कलम 21 मध्ये लिहिलंय की मानसिक आजार असलेल्या माणसाला उपचारात शरीराच्या आजारवाल्यांच्या बरोबरीने वागवायचं, इन्शुरन्समध्ये पण. हे तोंडावर फेकायची वेळ येऊ नये, पण माहीत असावं.

---

डिचोलीची_लेक

सगळ्यांचे आभार. सिस्टरताई, तुमचं वाचून दुसऱ्याच दिवशी सकाळी आईला घेऊन गेले. अपॉइंटमेंट नव्हती, तरी घेतलं. रात्रीची नवी गोळी चालू केली आहे, आज पाचवा दिवस, काल सहा तास झोपली. बोलणं अजून जास्त आहे पण मधे थांबते, मला विचारते तू जेवलीस का.

टीएसएच काढलं, 9.8 आलं, म्हणजे वाढलेलं, थायरॉइड मंद. फाइल चाळली तर शेवटचं चार वर्षांपूर्वीचं सापडलं. गेलं वर्षभर आई म्हणायची अंग जड झालंय, भजनाला गळा उघडत नाही, आणि आम्ही म्हणायचो तुझं जुनं परत येतंय वाटतं. थायरॉइडची छोटी गोळी चालू केली आहे.

पत्राचं मी आईला घाबरत घाबरत विचारलं. मला वाटलं नको म्हणेल. ती म्हणाली, लपवायचं तुमच्या बाबांनी ठरवलं होतं, मला कुणी विचारलंच नव्हतं. सही केली आणि पत्र स्वतः घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे गेली, मी बाहेर बसले, ती एकटी आत. वीस मिनिटं होती. डॉक्टर मला आत बोलवून म्हणाले, 19 वर्षं हे तुम्ही एकट्याने सांभाळत होता का. मग त्यांनी तिच्या कार्डावर वरच लाल पेनाने औषधांची नावं लिहिली, गुडघ्याला पॅरासिटामॉल लिहून दिली, आणि पत्रावरच्या नंबरवर माझ्यासमोर सायकिॲट्रिस्टना फोन लावला. लागला नाही, दुपारी परत करतो म्हणाले, आणि केला, कारण संध्याकाळी मॅडमनीच मला सांगितलं.

हाताची थरथर अजून थोडी आहे, पण कप धरते. क्रिएटिनीन 1.4 वर आलंय. काणकोणच्या ताई, साखळीच्या डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलेला तो प्रश्न मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलाय. टीएसएच आणि क्रिएटिनीन सहा आठवड्यांनी परत करायचंय, आईने तारीख स्वतःच्या अक्षरात लिहिली आहे.